मंद नेटवर्क आणि एक साधी वही

पार बंद पडलेला संगणक एक वेळ परवडतो. तो बंद आहे हे सगळ्यांना दिसते, दोषही सापडतो. खरा छळ मांडते ती येऊन-जाऊन होणारी मंदगती. मेकॅनिक आला की सारे ठीक. त्याची पाठ वळली की पुन्हा तेच. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, पण बडनेऱ्यातल्या एका कचेरीत बरीच वर्षे नोकरी केल्याने या दुखण्याशी ओळख झाली. जूनच्या तोंडावर पीककर्जाच्या कामासाठी खेड्यांतून लोक यायचे. “काहून जी, आजबी नाही होत का?” या प्रश्नामागे एका दिवसाची बुडालेली मजुरी असायची.

नेटवर्क म्हणजे काय, हे बडनेऱ्याच्या माणसाला सांगणे सोपे आहे. आपले जंक्शन मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे आणि येथून अमरावतीचा फाटा निघतो. कचेरीतले संगणक तारांनी स्विचला जोडलेले असतात. तो आपला फाटा. राउटरमधून माहिती बाहेर पडते, ती मुख्य लाइन. अमरावतीची गाडी मुंबईला उशिरा पोहोचली, तर पहिला प्रश्न हाच की, खोळंबा बडनेऱ्याच्या अलीकडे झाला की पलीकडे?

संगणकाला हेच विचारण्यासाठी ‘पिंग’ नावाची आज्ञा आहे. अमेरिकेतील माइक मूस यांनी १९८३ मध्ये ती लिहिली. संगणक दुसऱ्या यंत्राला हाक घालतो आणि उत्तर किती वेळात आले ते सांगतो. आधी राउटरला हाक घालावी. तारेने जोडलेल्या कचेरीत उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवे. तेथेच उशीर होत असेल, तर दोष आपल्या भिंतींच्या आत आहे. ते उत्तर झटपट आणि बाहेरचे उशिरा येत असेल, तर बाहेरची लाइन तुंबली आहे किंवा अडचण पलीकडे आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. २०१७-१८ च्या सुमारास सातबाऱ्याच्या ऑनलाइन नोंदी चालू असताना, दिवसा सर्व्हर मंद म्हणून राज्यातले अनेक तलाठी रात्री जागून काम करीत. रात्री वेग येतो, याचा अर्थ यंत्र बिघडलेले नसून त्यावर गर्दी झाली आहे.

म्हणून एक साधी वही ठेवावी. मंदगती केव्हा आली, किती वेळ टिकली, सगळ्या संगणकांवर होती की एकाच, दोन्ही पिंगची उत्तरे काय आली, एवढेच लिहावे. आमच्याकडे आठ-दहा दिवसांत दोन गोष्टी उघड झाल्या. रोज सकाळी ११ वाजता सगळ्या संगणकांतले अँटिव्हायरस एकदमच नवी माहिती उतरवून घेत. ती वेळ संध्याकाळवर नेली. दुसरी मंदगती भर दुपारची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, आणि स्विच मात्र पत्र्याखालच्या बंद कपाटात! तो हवेशीर जागी हलवला आणि दुपारही सुरळीत झाली.

वेळेचा मेळ बसलाच नाही, तर तारा पाहाव्यात. उंदराने कुरतडलेली तार कधी चालते, कधी चालत नाही. नेहमीची तांब्याची तार १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचली गेली, तर साध्या स्विचमध्ये तेच ते संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळी कचेरी ठप्प होते. आणि बदल एका वेळी एकच करावा. दोन औषधे एकदम घेतली, तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

मेकॅनिकला नुसते “स्लो आहे” म्हटल्याने काही कळत नाही. “रोज ११ ला, सगळ्या संगणकांवर, राउटरचे उत्तर नीट, बाहेरचे उशिरा” एवढे सांगितले की निम्मे काम झाले. आणि दुरुस्तीला चार दिवस लागले, तरी खिडकीशी उभ्या माणसाला “भाऊ, साडेअकरानंतर या, नक्की होईल” असे खात्रीने सांगता येते. त्याचा दिवस वाचतो.