मोराचा तुरा आधी मेणाचा

दिवाळीत मारेगाव-पांढरकवड्याकडच्या गोंड-कोलाम वस्त्यांवर दंडार रंगते. घुसाडी नाचणाऱ्याच्या डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप असतो. मान हलली की अख्खा टोप थरथरतो. मारेगावहून करंजीला येऊन महामार्ग धरला आणि पांढरकवडा, पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडली, की आदिलाबादचा मुलूख लागतो. तिथे हाच मोर पितळेत भेटतो. वीतभर उंची, पंखांवर दोऱ्यासारख्या रेषा, तुऱ्याच्या काड्या सुट्या सुट्या.

तो घडवणाऱ्यांना वोज किंवा ओझा म्हणतात. जैनूर मंडळातलं उशेगाव हे त्यांचं नावाजलेलं गाव. राजगोंडांच्या देवांच्या मूर्ती, घुंगरं, दिवे ओतणं हे त्यांचं पिढीजात काम. ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने त्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मधली सरहद्द तशी कालपरवाची. शेजारचा राजुरा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. मराठीत अशा कारागिराला ओतारी म्हणतात. शब्द नेमका आहे. मोराची नक्षी पितळेवर कोरलेली नसते, ती ओतलेलीच असते.

मग एवढी नाजूक रेघ येते कुठून? मेणातून.

आधी मातीचा ओबडधोबड गाभा करतात. मातीत भाताचं तूस कालवलेलं असतं, म्हणजे भट्टीत ती तडकत नाही. बस्तरचे घडवा कारागीर या गाभ्यावर वालाच्या पानांचा रस चोळतात, मेण नीट धरावं म्हणून. मेण मधमाशीच्या पोळ्याचं. ते ऊन करून बारीक भोकांच्या दाबयंत्रातून दाबलं की शेवेसारख्या तारा पडतात. बस्तरमध्ये या यंत्राला पिचकी म्हणतात. तार बोटाच्या उबेनेच वाकते. ती गाभ्याभोवती शेजारी शेजारी गुंडाळत न्यायची, डोळ्याच्या जागी वेटोळं बसवायचं, पिसाला मुरड द्यायची. कारागिराची सगळी कला इथे संपते. पुढचं काम मातीचं आणि आगीचं.

मेणावर पहिला लेप अगदी गाळीव मातीचा, कारण तारेतला प्रत्येक खोबणा त्यानेच टिपायचा असतो. त्यावर जाड थर. भट्टीत मेण वितळून जातं, जळून जातं आणि त्याच्या जागी मोराच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात नऊशे अंशांच्या वर तापलेलं पितळ धावतं. ते वितळलं की नाही, हे अनेक कारागीर ज्वाळेच्या हिरवट झाकेवरून ओळखतात. पितळेतलं जस्त जळायला लागल्याची ती खूण.

मेणाचा थर पातळ, म्हणून पितळेचा पत्राही पातळ. महाग धातू वाचतो, मूर्ती हलकी होते. दायमाबादला मात्र याच्या उलट प्रकार दिसतो. प्रवरेकाठच्या या गावात 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला खोदताना चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चारही भरीव, मिळून साठ किलोंहून जास्त. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण प्राणी पाहून घडवणारा हात सराईत होता यात शंका नाही.

ही रीत ग्रंथातही उतरली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मेण तोलून त्याच्या हिशेबाने धातू घ्यायला सांगितलं आहे, चांदी असेल तर बारापट, सोनं असेल तर सोळापट. वोज कारागिराला हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नसावा.

युरोपात न्युरेंबर्गचा सोनार वेंझेल याम्निट्झर (1508–1585) याने तर मेणालाही फाटा दिला. खरी गवताची पाती, खरे सरडे साच्यात ठेवून जाळायचे आणि त्या पोकळीत चांदी ओतायची. त्याची चांदीची पाती फुंकरीने हलतात, असं त्याच्या काळातल्या एकाने लिहून ठेवलं आहे. करामत मोठी, पण त्यात सरड्याचा सरडाच राहतो. वोज कारागिराचा मोर कुठल्याही रानातल्या मोरासारखा नसतो; तो तारेच्या वळणातून सुचलेला मोर असतो. कोलकात्याच्या शिल्पकार मीरा मुखर्जी (1923–1998) म्युनिकमध्ये शिकून आल्या आणि तरी बस्तरच्या घडवांकडे जाऊन बसल्या, ते उगीच नव्हे.

साचा निवला की तो फोडावाच लागतो. मातीची ढेपळं गळून पडतात, आतून काळपट मोर निघतो, ब्रश आणि कानस फिरली की पिवळा होतो. तुऱ्याच्या एखाद्या काडीपर्यंत पितळ पोचलंच नसेल, तर मोर परत मुशीत जातो आणि कारागीर पुन्हा मेणाची तार ओढायला बसतो.