मदतीच्या खोक्यातली औषधे

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरला वेढले, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मदतीचे ट्रक निघाले. धान्य, पाणी, बिस्किटे, चादरी, कपडे. आपत्ती कुठलीही असो, गल्लीतल्या मंडळापासून मोठ्या संस्थांपर्यंत सगळे गोळा करायला लागतात. या ढिगात बहुधा औषधांची एखादी पिशवी असतेच, आणि ती उघडणाऱ्या डॉक्टरची पंचाईत होते.

त्या पिशवीत असतात घरात उरलेल्या गोळ्या. कात्रीने कापलेल्या पट्टीवर नाव असले तर मुदत नसते, मुदत असली तर नाव नसते. खोकल्याची अर्धी बाटली, कुणाचाच कोर्स पूर्ण होणार नाही अशा अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या. देणाऱ्याची भावना खरी असते, पण ओळख न पटणारी गोळी रुग्णाच्या हातावर ठेवता येत नाही. ती वेगळी काढायला माणूस लागतो, तोही बाहेर रुग्णांची रांग लागलेली असताना.

हा प्रश्न जगभराचा आहे. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला. तिथे सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य येऊन पडले. त्याची वर्गवारी करायला ५० माणसांना सहा महिने लागले आणि लगेच वापरता येण्याजोगी औषधे निघाली जेमतेम ३० टक्के. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधे आली. त्यांतली ६० टक्के औषधे त्या देशाच्या अत्यावश्यक यादीत नव्हती, तर ७० टक्के औषधांवरचा मजकूर परकीय भाषेत होता. कित्येक टन औषधे शेवटी नष्ट करावी लागली.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे आखली. मागणी असेल तेच पाठवावे, रुग्णांकडून परत आलेली औषधे देऊ नयेत, पोचल्यावर किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी आणि लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यावे, हा त्यांचा गाभा.

दुधाच्या पावडरीचेही तसेच. २००६ मध्ये इंडोनेशियातच योग्यकर्ता येथे भूकंप झाला. मदतीत आलेली पावडर मिळालेल्या लहान मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलांना जुलाब झाले. ती न मिळालेल्यांत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होते. पाणी दूषित आणि बाटली उकळायला इंधन नाही, अशा ठिकाणी पावडर धोक्याचीच. अंगावर पाजणाऱ्या आईला पोटभर जेवण, स्वच्छ पाणी आणि आडोसा मिळाला, तर बाळाला तीच खरी मदत.

मग पाठवायचे काय? आधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला विचारावे. पुरानंतर जुलाब, कावीळ, लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू यांची भीती असते. त्यामुळे ओआरएसची पाकिटे, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या, साबण, सॅनिटरी पॅड, मच्छरदाण्या उपयोगी पडतात. रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांच्या रुग्णांची रोजची औषधे पुरात वाहून गेलेली असतात. फिट्सची गोळी चुकली तर झटका येऊ शकतो. मात्र कोणती गोळी, किती, हे तिथल्या डॉक्टरलाच ठाऊक. त्यांची यादी घेऊन दुकानातून सीलबंद औषधे घ्यावीत. ते जमत नसेल तर पैसे द्यावेत. एका खोक्यात एकाच प्रकारची वस्तू ठेवून बाहेर नाव, संख्या आणि मुदत ठळक लिहावी.

वाटपातही अशीच शिस्त हवी. रस्त्यालगतच्या गावात चार ट्रक थांबतात, आतल्या वाडीवर एकही पोचत नाही. रांगेत धडधाकट माणसे पुढे जातात. अंथरुणाला खिळलेले आजोबा आणि आठ दिवसांची बाळंतीण मागेच राहतात. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कुणाला क्षयाची औषधे चालू आहेत, हे गावच्या आशाताईंना पाठ असते. वाटपाआधी त्यांना सोबत घेऊन कुटुंबवार यादी केली, तर वस्तू गरजूच्या दारापर्यंत जाते.

घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पिशवी भरण्याआधी एक फोन करावा. तेवढ्याने तिकडच्या फार्मासिस्टचा वेळ वाचतो, आणि तो वेळ रांगेतल्या रुग्णाच्या कामी येतो.