ऑनलाइन गेमची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून खेळता येते का?

आजचा भाग हेडफोन लावून ऐका, कारण मागे दिवाळीचे फटाके अजून वाजतच आहेत.

२०२१ च्या लॉकडाऊनमध्ये मी आणि माझा मावसभाऊ हिंगणघाटला एकाच छतावर बसून गेन्शिन इम्पॅक्ट खेळायचो. नंतर तो नोकरीसाठी पुण्याला गेला. या दिवाळीत आला आणि म्हणाला, "चल ना बे, पहिल्यापासून खेळू. तेव्हा तू नुसता टपटप करत पुढं जाऊन राहिला होता, गोष्ट काही समजलीच नाही."

खरं होतं. मला ड्रॅगनशी लढायची घाई, संवाद वाचतो कोण?

मी मेनू उघडला. 'पुन्हा सुरू करा' असं बटणच नाही! आजी श्रावणात शिवलीलामृत वाचते, पोथी संपली की परत पहिला अध्याय उघडते. मग आपल्याला का जमू नये?

कारण तुमची गोष्ट फोनमध्ये नसतेच. फोनमध्ये वीस जीबीच्या वर भरतात ती चित्रं, आवाज, नकाशे. तुम्ही गोष्टीत कुठवर पोचलात याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि ती सहसा पुढेच सरकते. ड्रॅगन शांत झाला अशी एकदा खूण पडली की गावातले लोकही तसंच बोलू लागतात. ती खूण पुसली तर पुढची बक्षिसं, उघडलेले रस्ते, सगळ्याचा हिशोब बिघडतो.

दुसरं कारण जास्त त्रासदायक. कधी कधी गोष्टीचा तुकडाच काढून टाकतात. स्कॅरामूश पहिल्यांदा दिसला तो नोव्हेंबर २०२० च्या एका इव्हेंटमध्ये. तो इव्हेंट त्याच महिन्यात संपला. आम्ही २०२१ मध्ये आलो, तर इनाझुमाच्या कथेत हा माणूस ओळखीचा असल्यासारखा समोर उभा! आम्ही एकमेकांकडे बघतोय, हा कोण रे भाऊ?

बाकीच्यांनी यावर काय केलं? फायनल फँटसी १४ ने ऑक्टोबर २०१९ मध्ये 'न्यू गेम प्लस' आणलं. कमावलेलं सगळं तसंच ठेवून जुने अध्याय परत खेळायचे. पण त्याच खेळाची २०१० ची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाली. कथेत तिचं जग आकाशातून आलेल्या संकटाने उद्ध्वस्त केलं, आणि २०१३ मध्ये नवीन खेळ आला. ती पहिली गोष्ट काही न्यू गेम प्लसमध्ये मिळत नाही. गिल्ड वॉर्स २ ने २०१३ च्या सुमारास असेच येऊन-जाणारे भाग केले होते, ते २०२२ मध्ये कायमचे परत आणले. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं!

मला सगळ्यात आवडतो तो ओल्ड स्कूल रूनस्केपचा किस्सा. लोकांना जुनाच खेळ हवा होता. कंपनीकडे ऑगस्ट २००७ चा बॅकअप सापडला, मतदान घेतलं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तोच खेळ परत उघडला. २०१८ पासून तो फोनवरही आहे, आणि साध्या फोनवरही चालतो.

आता आमचं काय झालं ते. गेन्शिनमध्ये एक वाट आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. लॉगिन करताना सर्व्हर बदला. आम्ही आशियावर होतो, युरोप निवडला. अकाउंट तेच, पण तिथे पाटी कोरी. जुनं सगळं आशियावर जसंच्या तसं राहतं. मात्र विकत घेतलेली पात्रं तिकडे येत नाहीत, आणि नेट थोडं अडखळतं.

पण एक गोम आहे. को-ऑप उघडतो अ‍ॅडव्हेंचर रँक १६ ला, आणि मुख्य कथा तर तेव्हाही ज्याची त्यालाच खेळावी लागते.

मग आम्ही छतावर दोन फोन शेजारी-शेजारी ठेवले. तो म्हणणार "एक, दोन, टॅप", की दोघांनी एकदम पुढचा संवाद उघडायचा. तो वाचतो मोठ्याने, मी ऐकतो. तीन रात्रींत मॉन्डस्टॅट शहराची गोष्ट अर्ध्यावर आली. काल रात्रीच्या बसने तो पुण्याला गेला. जाताना बजावून गेला, "माझ्याशिवाय पुढं गेला तर पाय मोडीन."

रविवारी रात्री नऊला, फोन स्पीकरवर ठेवून पुढचा भाग.