'शरीराला हवं असतं म्हणून' हे उत्तर पुरत नाही

एमबीबीएस, पशुवैद्यक किंवा प्राणिशास्त्राला नव्यानं आलेल्या मुलांच्या कानावर एक सल्ला पडतो: फिजिऑलॉजीचे तक्ते आणि आकडे घोकले की पास होता येतं. पास होताही येत असेल, पण विषय हाती लागत नाही. सस्तन प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र शिकताना खरी आडवी येते ती बारावीपर्यंत अंगवळणी पडलेली एक विचारसरणी. शरीराला एखादी गोष्ट हवी असते म्हणून ती घडते, असं सांगायचं आणि पुढे सरकायचं. त्यामुळे ती नेमकी कशी घडते, हा प्रश्न विचारायचाच राहतो.

श्वासाचंच घ्या. श्वास रोखून धरला की थोड्या वेळानं जीव कासावीस होतो. कशामुळे? प्राणवायू संपत येतो म्हणून, असं बहुतेक जण सांगतील. प्रत्यक्षात ती तगमग मुख्यतः रक्तात साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं, की फुप्फुसांच्या वायुकोशांतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण किंचित वाढलं, तरी श्वसन झपाट्यानं वाढतं. प्राणवायूची पातळी मात्र बरीच खाली, साधारण ६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत उतरेपर्यंत श्वसनावर फारसा परिणाम दिसत नाही.

हा भेद परीक्षेपुरता नाही. विहिरीत किंवा तलावात पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज लावणारी मुलं बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्यानं रक्तातला प्राणवायू जवळजवळ वाढत नाही, कारण हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याचा इशारा देणारा वायूच. मग वर येण्याची ओढ लागण्याआधीच प्राणवायू इतका घटतो, की मुलगा पाण्याखाली बेशुद्ध पडतो. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. पोहायला शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे मुलांना बजावून सांगायला हवं.

मूत्रपिंडाबद्दलचा समज आणखी घट्ट रुजलेला आहे: ते रक्तातली घाण वेचून बाहेर टाकतं. खरं तर वेचणं होतं ते उलट्या दिशेनं. माळा आवरताना सगळं सामान खाली काढून हवं तेवढंच परत वर ठेवावं, तसं मूत्रपिंड काम करतं. निरोगी प्रौढ माणसात दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. अंगात प्लाझ्मा असतो जेमतेम तीन लिटर. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं गाळणीअलीकडे राहतात; पाणी, मीठ, साखर, अमिनो आम्लं, युरिया सगळं पलीकडे जातं. त्यानंतर सूक्ष्म नलिका ९९ टक्के पाणी परत घेतात. साखर तर जवळपास सगळीच परत येते. ज्याला आपण घाण म्हणतो त्या युरियाचाही सुमारे निम्मा भाग रक्तात परततो.

ही उलटी दिशा ध्यानात आली की पुढचं बरंच काही आपसूक उलगडतं. रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की परत घेणाऱ्या वाहक प्रथिनांची क्षमता अपुरी पडू लागते आणि लघवीत साखर उतरते. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहावरची औषधं याच वाहकांना अडवतात. लघवी वाढवणाऱ्या बहुतेक गोळ्याही गाळणं वाढवत नाहीत, मीठ परत घेणं रोखतात.

उंटाच्या मदारीत पाणी असतं, हा समज आता शाळकरी मुलंही खोडून काढतात. पण मदारीतली चरबी जाळून उंट पाणी मिळवतो, हे त्याजागी आलेलं उत्तरही टिकत नाही. एक ग्रॅम चरबी जळताना एक ग्रॅमहून थोडं जास्त पाणी तयार होतं खरं, पण त्यासाठी लागणारा प्राणवायू आत घेताना कोरड्या वाळवंटी हवेत श्वासावाटे बाहेर जाणारं पाणी हिशेबात धरलं, तर हाती काही उरत नाही. क्नुट श्मिट-निल्सेन यांनी १९५० च्या दशकात अल्जीरियाच्या वाळवंटात प्रत्यक्ष मोजमापं घेतली. पाणी न मिळालेल्या उंटाचं शरीर पहाटे ३४ अंश सेल्सियसपर्यंत थंड होई आणि दुपारी ४० च्या वर तापे. आता हिशेब करा. ५०० किलोचा उंट, सहा अंशांची वाढ, शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८: साधारण २,४०० किलोकॅलरी उष्णता अंगातच साठली. तेवढी उष्णता घामावाटे घालवायला चार लिटरांहून अधिक पाणी लागलं असतं. ते वाचलं, आणि रात्रीच्या गार हवेत ती उष्णता फुकटात निघून गेली. अशी आकडेमोड स्वतः करणं म्हणजेच हा विषय शिकणं, असं मी मानतो.

हा विषय म्हणजे बेडूक कापणं, ही समजूतही जुनी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या सूचनेनंतर प्राणिशास्त्राच्या वर्गांतून विच्छेदन बाजूला पडत गेलं. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी स्वतःचं बोट टोचून तांबड्या पेशी मोजतात आणि एकमेकांचा रक्तदाब घेतात.

शेवटचा गैरसमज पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला लगेच सोडावा लागतो: सगळे सस्तन प्राणी आतून सारखेच. माणसाची उपाशीपोटी रक्तातली साखर ७० ते १०० मिलिग्रॅम असते. गाईत ४५ ते ७५ हे नेहमीचं. गाईनं खाल्लेल्या चाऱ्यातली साखर आतड्यापर्यंत फारशी पोहोचतच नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जंतू तिची आम्लं बनवतात. त्यातल्या प्रोपिओनिक आम्लापासून गाईचं यकृत दिवसरात्र ग्लुकोज तयार करतं, आणि त्यातला मोठा वाटा दुधातल्या लॅक्टोजसाठी जातो. म्हणून व्यायल्यानंतर भरपूर दूध देणाऱ्या गाईला ग्लुकोज कमी पडतं, अंगातली चरबी वितळू लागते, कीटोन वाढतात, तिचा चारा सुटतो आणि श्वासाला गोडसर वास येतो. अशा वेळी नुसता गूळ खाऊ घातला, तर त्याचाही ताबा जंतूच घेतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजलं, की त्याचा बराचसा भाग जंतूंच्या तावडीतून सुटून यकृतापर्यंत पोहोचतो आणि तिथे त्याचं ग्लुकोज होतं.