भंडाऱ्यात हरले, न्यायमंदिरी उभे राहिले

गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्याआधी आपण सारे भंडारा जिल्ह्याचे. याच भंडाऱ्यातून १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले! घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदेमंत्री. तरीही मतदारांनी काँग्रेसला कौल दिला.

सुभेदार रामजींचे हे सुपुत्र आज दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात उभे आहेत. अंगात वकिलाचा झगा, हाती राज्यघटना. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी या पुतळ्याचे अनावरण केले.

ज्या मताने त्यांना पाडले, ते मत गरिबातल्या गरिबाला देणाऱ्या घटनेचे शिल्पकार तेच होते. दिल्लीला गेलात तर मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.