चतुर, टिटवी आणि कॅमेरा

चैत्र-वैशाखात पांढुर्णा-सौंसरकडील नद्या आटू लागल्या, की उरल्यासुरल्या डोहांपाशी पाखरे व चतुर गोळा होतात. छायाचित्रणास हा काळ उत्तम. उडालेल्या चतुरामागे धावू नये. पुष्कळदा तो त्याच काडीवर परततो. काडीवर कॅमेरा रोखून स्वस्थ बसावे. भर दुपारी काही चतुर शेपटीचे टोक सूर्याकडे उभारतात. त्यायोगे अंगावर ऊन कमी पडते. (मुले यास शीर्षासन म्हणतात!)

टिटवीपाशी मात्र असे बसून चालत नाही. जाम नदीच्या गोट्यांत ती उघड्यावरच अंडी घालते, त्यांवर सावली धरते, पोटाची पिसे भिजवून आणून त्यांना गारवा देते. आपण जवळ गेलो की ती ओरडत उडते आणि अंडी तापू लागतात; फार तापली तर आतले पिल्लू मरते. म्हणून तिचा पहिला ओरडा कानी पडताच आम्ही कॅमेरा झाकून मागे फिरतो.