जुन्या संगणकावरील सीरियल पोर्टची ओळख

कार्यालयातील किंवा शाळेतील जुना संगणक निकामी ठरविण्यापूर्वी त्याची मागील बाजू एकदा अवश्य पाहावी. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे, मोजमापाची उपकरणे यांसारखी साधने ज्या मार्गाने संगणकाशी जोडली जात, तो सीरियल पोर्ट तेथेच असतो. या मार्गाने माहितीचे बिट एकाच तारेतून एकामागून एक जातात. १९६० साली प्रथम निश्चित झालेल्या आरएस-२३२ या मानकावर ही व्यवस्था आधारलेली आहे.

त्याची खूण सोपी आहे. इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराच्या चौकटीत ९ पिना दिसल्यास तो सीरियल पोर्ट समजावा. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून ही जोडणी रूढ होत गेली. त्याआधीच्या आयबीएम पीसीवर २५ पिना असत. फसगत होते ती येथेच. प्रिंटरचा पॅरलल पोर्टही २५ चाच. मात्र त्यास पिना नसून छिद्रे असतात. सीरियल तारेतील दाब अधिक किंवा उणे १२ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, तर प्रिंटरचा पोर्ट ५ व्होल्टवर चालतो. चुकीच्या जोडणीने तो कायमचा बिघडण्याचा संभव असतो.

दोन सीरियल पोर्ट असल्यास बायोसच्या पडद्यावरील पत्ते पाहावेत. ३एफ८ हा सामान्यतः कॉम-१ चा व २एफ८ हा कॉम-२ चा पत्ता होय.

तात्पर्य, केवळ संख्या मोजून भागत नाही. पिना आहेत की छिद्रे, हे पाहूनच आणि संगणक बंद ठेवूनच तार जोडणे इष्ट होय.